ठसा, नाणे आणि आरसा

सीरियाच्या ईशान्य कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या सीमेलगत तेल फेखेरीये नावाचे एक टेकाड आहे. १९७९ साली तिथे एका शेतकऱ्याला शेत वाढवताना मातीत एक पुतळा लागला. आपल्या सह्याद्रीचा असतो तशाच काळ्या बेसाल्टचा, जवळजवळ पुरुषभर उंचीचा, दाढी राखलेला, दोन्ही हात पोटाशी जुळवून उभा. अंगातल्या घोळदार झग्यावर पुढून अक्कादी आणि मागून अरामी भाषेत मजकूर कोरलेला. पुतळा गूझानचा अधिपती हदद-यिथी याचा आणि काळ बहुतेकांच्या मते इ.स.पू. नववे शतक. अक्कादीत, म्हणजे असिरियाच्या दरबारी भाषेत, हा गृहस्थ स्वतःला नुसता सुभेदार म्हणवतो आणि आपल्या माणसांच्या अरामीत मात्र राजा! वरच्याला एक आणि खालच्याला एक, ही तऱ्हा आपल्यालाही परकी नाही. पण अभ्यासकांचे कान टवकारले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या पुतळ्याला अरामी मजकुरात दोन शब्द वापरले आहेत, एक ‘द्मूता’ आणि दुसरा ‘त्सल्मा’. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला घडवतो, तिथे हिब्रूत हेच दोन शब्द जोडीने येतात: ‘त्सेलेम’ आणि ‘द्मूत’.

मराठी बायबलने ‘त्सेलेम’साठी ‘प्रतिरूप’ हा सोवळा शब्द निवडला. त्यामुळे मूळ वाक्यातला झटका मराठी वाचकाला बसत नाही. हिब्रूत ‘त्सेलेम’ म्हणजे घडवलेली, कोरलेली, ओतलेली वस्तू. कनानी लोकांच्या ज्या ओतीव मूर्ती फोडून टाकण्याचा हुकूम ‘गणना’ या पुस्तकात आहे, त्यांनाही हाच शब्द. पलिष्टी लोकांनी प्रायश्चित्त म्हणून केलेल्या सोन्याच्या उंदरांनाही हाच. म्हणजे ज्या धर्माने मूर्तीला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच धर्माच्या पहिल्या पानावर माणूस हीच देवाची मूर्ती आहे असे लिहिलेले आहे. मराठीत ‘प्रतिमा’ म्हटले असते तर दोन्ही अर्थ आपोआप आले असते. कदाचित म्हणूनच तो शब्द टाळला असावा.

या शब्दाचे माहेर राजदरबार आहे. इजिप्तचा राजा तूतनखामुन याच्या नावाचा अर्थच ‘आमुनची जिवंत प्रतिमा’ असा. असिरियाच्या दरबारातले विद्वान इ.स.पू. सातव्या शतकात राजाला पत्रे लिहीत, त्यात राजा हा बेल देवाची प्रतिमा असल्याचे लिहून त्याला खूश करीत. देव दिसत नाही, राजा दिसतो. राजाही सगळीकडे पोचत नाही, म्हणून त्याचा पुतळा, त्याचा शिक्का, त्याचे नाणे पोचते. प्रतिमा ही प्रतिनिधीची खूण होती आणि ती एका वेळी एकाच माणसाला मिळे. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायाचा लेखक हा बहुतेक अभ्यासकांच्या मते बाबिलोनच्या बंदिवासाच्या आसपासचा कोणी पुरोहित, म्हणजे राज्य बुडालेल्या, राजा कैदेत गेलेल्या लोकांचा माणूस. त्याने हा शब्द राजाच्या अंगावरून काढला आणि नर-नारी दोघांच्या अंगावर घातला. या घटनेकडे आपण सहसा तत्त्वज्ञानाच्या बाजूने पाहतो: देवासारखे म्हणजे काय, बुद्धीने, आत्म्याने की रूपाने? माझे म्हणणे असे की या कल्पनेचा खरा इतिहास ‘देव कसा दिसतो’ या प्रश्नात नाही. समोरच्या माणसाच्या शरीराला हात लावायचा की नाही, या प्रश्नात तो आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही जोडणारा धागा न्यायालयात, रस्त्यावरच्या मारामारीत आणि वधस्तंभाखाली सापडतो. तत्त्वज्ञांनी तो मधूनमधून हातचा घालवला. तो परत उचलणाऱ्यांत, ज्यांच्यावर सगळे धूसर केल्याचा आरोप होतो असे सूफीही होते.

‘उत्पत्ती’तच पुढे नवव्या अध्यायात जलप्रलय ओसरल्यावर खुनाला मनाई येते आणि कारण म्हणून प्रतिमेचाच दाखला दिला जातो. रब्बींनी हे सूत्र नेमके पकडले. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी कायद्याच्या ग्रंथात, देहदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना काय बजावून सांगायचे याचे एक कलम आहे. ज्याच्या साक्षीवर कोणाचा जीव जाणार, त्याला न्यायाधीश आदमची गोष्ट सांगतात. माणूस एकटाच निर्माण झाला, म्हणून एक जीव घेणारा अख्खे जग बुडवतो आणि एक जीव वाचवणारा अख्खे जग वाचवतो. मग नाण्याचा दाखला येतो. टांकसाळीत माणूस एका ठशाने शंभर नाणी पाडतो ती सगळी एकसारखी. देव मात्र आदमच्या एकाच ठशाने सगळी माणसे पाडतो आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नसतो. रोमन अंमलाखाली जगणाऱ्या माणसाने, रोज सीझरचे तोंड असलेली नाणी हाताळत, हा दाखला दिला आहे, हे विसरता कामा नये. त्यातली मेख अशी की सीझरची छाप जितकी एकसारखी तितकी चोख. देवाची छाप मात्र वेगळेपणावरून ओळखायची.

असे दाखले आणखीही आहेत आणि सगळे शरीराचेच. यहुदी गुरू हिल्लेल न्हाणीघराकडे निघाला असता शिष्यांनी विचारले, कुठे चाललात? तो म्हणाला, धर्मकृत्य करायला. आंघोळ हे कसले धर्मकृत्य? त्यावर त्याचे उत्तर होते की रंगशाळांत उभे केलेले राजाचे पुतळे घासायला-पुसायला पगारी माणूस नेमतात, मग देवाच्या प्रतिमेने घडलेला हा देह मी धुऊ नये काय? आणि फासावर गेलेल्याचे प्रेत रात्रभर टांगून ठेवू नये, हा ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम. त्याचे कारण रब्बी मेईर जुळ्या भावांच्या गोष्टीतून सांगतो: एक राजा झाला, दुसरा दरोडेखोर. दरोडेखोराला टांगले तेव्हा येणारे-जाणारे म्हणू लागले की राजालाच टांगले आहे. राजाने प्रेत खाली उतरवायला लावले. देवाला माणसाचा जुळा भाऊ म्हणण्याचे हे धाडस! यात बुद्धी, सद्गुण, आत्मोन्नती कशाचाही संबंध नाही. मेलेला, गुन्हेगार, लटकणारा देहसुद्धा प्रतिमाच.

यावर लगेच आक्षेप येईल की हे सगळे यहुद्यांपुरते होते. मिश्नाच्या प्रचलित छापील प्रतींत ‘इस्राएलातला एक जीव’ असेच शब्द आहेत. हे खरे, पण बुडापेस्टमध्ये जतन केलेल्या, कौफमन संग्रहातल्या जुन्या आणि विश्वसनीय हस्तलिखितात ‘इस्राएलातला’ हा शब्द नाही. युक्तिवादाच्या ओघातही तो बसत नाही, कारण आदम काही यहुदी नव्हता. तो शब्द कोणीतरी मागाहून घुसडला, असे मानायला जागा आहे. आणखी एक साक्ष बाहेरून येते. कुराणाच्या पाचव्या सूरेतली बत्तिसावी आयत हाच एक जीव आणि सगळी मानवजात यांचा हिशेब मांडते आणि इस्राएलच्या संततीला हे आधीच सांगितले होते असेही नोंदवते. तिथे तो हिशेब कोणा एका जमातीपुरता ठेवलेला नाही.

तत्त्वज्ञांची अडचण मात्र खरी होती, तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही. माणूस देवाची मूर्ती असेल तर देवाला नाक-डोळे आहेत काय? ३९९ साली अलेक्झांड्रियाच्या बिशपने, थिओफिलसने, देवाला मानवी आकार नाही असे पत्र काढले तेव्हा इजिप्तच्या वाळवंटातले साधे जोगी खवळले. सेरापियन नावाच्या एका वृद्ध तापसाला ते पटवूनही देण्यात आले. पण प्रार्थनेला बसल्यावर तो ढसाढसा रडू लागला, कारण आयुष्यभर ज्याच्याशी बोलला तो देवच आता समोर दिसेना. अशा वेळी प्रतिमा चेहऱ्यावरून उचलून मनात नेणे हा सोयीचा तोडगा होता. यहुदी तत्त्वज्ञ फायलोने तो अलेक्झांड्रियातच चार शतके आधी काढला होता. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने स्मृती, आकलन आणि इच्छा या मनाच्या त्रयीत त्रैक्याची छाया पाहिली. देव अशरीरी राहिला, हे खरे. पण किंमत शरीराने मोजली. प्रतिमा मनात असेल तर कोणाच्या मनात किती, हा प्रश्न ओघानेच येतो. पौलाच्या पत्रातला आधार घेऊन स्त्रीच्या वाट्याला कमी प्रतिमा येऊ लागली. ११४० च्या सुमारास ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात तर स्त्री देवाच्या प्रतिमेने घडलेली नाही असे वचन ऑगस्टीनच्या नावावर बिनदिक्कत चढले. ते त्याचे नव्हते, पण ‘उत्पत्ती’च्या वाक्यातले ‘नर-नारी’ पुसायला तेवढे पुरले.

सर्वांत बोलके उदाहरण यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीसचे. कायद्याच्या ग्रंथात त्याने साक्षीदारांना द्यायची ती ताकीद निष्ठेने जपली. पण ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या अरबी ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात, ‘त्सेलेम’ म्हणजे बुद्धी असा निवाडा दिला. मग पुढची पायरी टळत नाही: ज्याला हे रूप लाभले नाही तो माणसाच्या आकाराचे जनावर. तिसऱ्या भागात तर अज्ञान्यांना आणि अवज्ञा करणाऱ्यांना पशूंच्या रांगेत बसवून, त्यांना मारणे ही मोठी गोष्ट नाही असे तो लिहून जातो. ज्या शब्दाने जीव घेण्यास मनाई केली होती, त्याच शब्दाच्या नव्या अर्थाने ती मनाई सैल झाली. सगळेच विचारवंत या वाटेने गेले असेही नाही. निस्साचा बिशप ग्रेगरी मूर्तिमंत प्लेटोवादी, पण चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने प्रवचनात गुलामांच्या मालकांना सरळ विचारले की देवाच्या प्रतिमेची किंमत किती ठरवलीत? तेव्हा दोष बुद्धीवर भर देण्याचा नव्हे. शरीरावरचा हक्क बुद्धीवर अवलंबून ठेवला की घोटाळा होतो.

आता इस्लामकडे. इथेही नाणे आधी येते. ६९२ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट दुसऱ्या जस्टिनियनने सोन्याच्या नाण्यावर प्रथमच ख्रिस्ताचा चेहरा पाडला. दमास्कसचा खलिफा अब्दुल मलिक याच्या दिनारावर तेव्हा हात तलवारीशी असलेली खलिफाची उभी आकृती असे. ६९७ च्या सुमारास त्याने तीही काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना फक्त अक्षरे ठेवली. इस्लामी नाण्यावरून प्रतिमा गेली ती जवळजवळ कायमची. असे असताना बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत एक हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आहे की अल्लाहने आदमला ‘त्याच्या सूरतीवर’ घडवले. मुस्लिमच्या संग्रहात हे वाक्य सृष्टीच्या वर्णनाखेरीज मारामारीच्या संदर्भातही येते: भावाशी हातघाईवर आलात तर त्याच्या तोंडावर मारू नका, कारण आदम त्याच्या सूरतीवर घडला आहे. दुसरीकडे, तोंड काळे होवो अशा अर्थाचा शाप देऊ नका, अशीही भर आहे. मिश्नात साक्षीदाराचा हात अडवणारी गोष्ट इथे थप्पड मारणाऱ्याचा हात अडवते.

हे यहुद्यांकडून आलेले आहे, हा आक्षेप जुनाच. मध्ययुगातल्या काही मुसलमान पंडितांनाही तो सुचला होता. येईना का! उसनवारीपेक्षा ते वाक्य कुठे बसवले गेले याला महत्त्व आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. कुराण सांगते की अल्लाहसारखे काहीच नाही. मग ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या? एका सर्वनामावरून शतके वाद चालला. ९२४ साली वारलेला इब्न खुझैमा म्हणे, ‘त्याच्या’ म्हणजे मार खाणाऱ्याच्या. ज्याला मारतोस त्याचा चेहरा आदमच्याच घडणीचा आहे. काही म्हणत, आदमच्या स्वतःच्या. अहमद इब्न हनबलसारखे परंपरावादी म्हणत की अर्थ अल्लाहचाच घ्यायचा, पण ‘कसे’ म्हणून विचारायचे नाही. नवव्या शतकातल्या इब्न कुतैबाचे उत्तर मला सर्वांत सरळ वाटते. देवाचे हात, देवाचा डोळा हे शब्द तुम्ही कुराणातून स्वीकारता, तेव्हा सूरत या शब्दानेच दचकायचे कारण काय? सवय नाही एवढेच. आणि गंमत अशी की सर्वनाम कोणाकडेही वळवा, चेहऱ्यावर मारायची मनाई काही हलत नाही. इब्न खुझैमाने देवाचा निराकारपणा वाचवला आणि मार खाणाऱ्याचा चेहराही.

स्पेनमधल्या मुर्सियात ११६५ साली जन्मलेला सूफी इब्न अरबी या वादाला वेगळ्याच कोपऱ्यातून भिडतो. ‘त्याच्यासारखे काही नाही’ या आयतीपुढेच ‘तो ऐकणारा, पाहणारा’ असे येते, याकडे तो बोट दाखवतो. दूरपण आणि साम्य दोन्ही एका दमात सांगितले आहेत, एकालाच धरून बसणारा अर्धा आंधळा. ‘फुसूस अल-हिकम’ या ग्रंथाचे नावच रत्नाच्या कोंदणावरून. अंगठीतल्या खड्यावर राजाची मुद्रा कोरलेली असते, तिने खजिना मोहोरबंद होतो. आदम हा जगाच्या अंगठीतला तसा खडा. तो असेपर्यंत खजिना सुरक्षित. पुन्हा ठसाच, पण पुढे तो ठशावरून आरशावर येतो. त्या काळचा आरसा काचेचा नव्हे, धातूचा. घासला नाही तर काळवंडणारा. आदमाआधीचे जग म्हणजे न घासलेला आरसा, आणि आदम म्हणजे त्या आरशाला आलेली झिलई, ज्यात देव स्वतःला पाहतो. अरबीत डोळ्यातल्या बाहुलीला ‘डोळ्यातला माणूस’ म्हणतात. आपणही ‘बाहुली’च म्हणतो, कारण तिच्यात समोरच्याचे छोटे रूप दिसते. इब्न अरबी हा शब्दखेळ सोडत नाही: माणूस ही देवाच्या डोळ्यातली बाहुली. ठसा आणि आरसा यांत एक फरक आहे. ठसा एकदा पडला की काम संपते. आरशात प्रतिमा टिकते ती कोणी समोर असेपर्यंतच. त्यामुळे माणूस देव आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. ९२२ मध्ये बगदादला सूफी हल्लाज मारला गेला त्या वादाची ठिणगी इथे पडू नये इतपत सावधपणा या आरशात आहे, तरी टीकाकारांना तो पुरला नाही.

पण मग ‘घासलेला आरसा’ म्हणजे पुन्हा निवडक लोकांचाच मान, असे कोणी म्हणेल, आणि ते चूक नाही. इब्न अरबीचा ‘इन्सान-ए-कामिल’, पूर्ण माणूस, विरळाच. बाकीच्यांसाठी त्याच्याकडे ‘पशू-माणूस’ असा शब्दही तयार आहे. इथवर तो मायमोनिडीसच्या पायरीवरच उभा दिसतो. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे अनातोलियाचा सेल्जुक सुलतान कैकाऊस याला लिहिलेल्या पत्रात त्याने ख्रिस्ती प्रजेवर जुनी बंधने कडकपणे लादायचा सल्ला दिला होता. सगळ्या धर्मांवर प्रेम करणारा उदार संत म्हणून त्याची जी तसबीर हल्ली टांगली जाते, तिच्यात हे पत्र बसत नाही. चांगली कल्पना बाळगणाऱ्याचे वागणे त्या कल्पनेला पुरे पडेलच असे नाही. हे ग्रेगरीच्या चर्चलाही लागू, रब्बींनाही.

तरीही ‘फुसूस’मधले युनूसवरचे प्रकरण वाचल्यावर मी त्याला मायमोनिडीसपासून वेगळे काढतो. माणसाची ही घडण देवाने आपल्या सूरतीवर केली, तेव्हा ती मोडण्याचा अधिकार घडवणाऱ्यालाच, असे तिथे तो सुरुवातीलाच म्हणतो. मग धर्माच्या आवेशापेक्षा जीव वाचवणे श्रेष्ठ, याचे पुरावे तो वकिलासारखा एकामागून एक मांडतो: शत्रू तहाला आला तर तह करावा हा हुकूम, खुनाबद्दल वारसांना मिळालेला माफीचा हक्क. आणि मग कळीचा मुद्दा. माणूस जिवंत आहे तोवर, ज्या पूर्णतेसाठी तो घडवला गेला ती त्याला गाठता येण्याची आशा असते. त्याला मारणारा ती वाटच बंद करतो. पूर्णता ही कमावण्याची गोष्ट आहे हे दोघांनाही मान्य. एकाने त्यावरून काढले की ज्याने कमावली नाही तो जनावर. दुसऱ्याने काढले की ज्याने अजून कमावली नाही त्याला तर जगू दिलेच पाहिजे. न घासलेला आरसा कोणी फोडून टाकत नाही.

याच प्रकरणात तो दाविदाची गोष्ट आणतो, जिचे मूळ बायबलच्या ‘इतिहास’ या पुस्तकात आहे. दाविदाने जेरुसलेमचे मंदिर बांधायला घेतले. बांधावे आणि ते कोसळावे. गाऱ्हाणे घातल्यावर उत्तर आले की रक्त सांडलेल्या हातांनी माझे घर उभे राहणार नाही. दावीद म्हणाला, ते तुझ्यासाठीच नव्हते का? उत्तर आले की होते, पण तेही माझेच सेवक नव्हते का?

‘फुसूस’ची प्रेरणा देणारे स्वप्न दमास्कसमध्ये हिजरी ६२७ च्या मोहरममध्ये, म्हणजे १२२९ च्या अखेरीस पडले, असे इब्न अरबी सांगतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत इजिप्तचा सुलतान अल-कामिल याने सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकशी तह करून जेरुसलेम लढाई न करता त्याच्या हवाली केले होते. दमास्कसच्या उमय्या मशिदीत त्या तहाविरुद्ध शोकप्रवचन झाले आणि लोक रडले.